मालवणच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला कधी यावं?

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा, तलावात चांगला पोहतो आणि सर्फिंग शिकायचंच म्हणून हट्ट धरून बसलाय. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला तारकर्ली-देवबागला आणायचं असा त्यांचा बेत होता. मग कुणीतरी सांगितलं की खऱ्या लाटा पावसाळ्यातच असतात, म्हणून आता जून-जुलैचाही विचार चाललाय. वर्षभर इथलं हवामान कसं असतं आणि कुठला महिना धरू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. मुलाला दिवाळीच्या सुट्टीत आणा, भाऊबीज झाली की लगेच. ते जमलं नाही तर फेब्रुवारी-मार्चमधला एखादा जोडून सुट्टीचा आठवडा. मेमध्येच यायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात या आणि सकाळी दहाच्या आत पाण्याबाहेर पडा. जून ते ऑगस्ट मात्र त्याला पाण्यात उतरवायचं नाही. कितीही चांगला पोहत असला तरी नाही, आणि कोणी शिकवायला तयार असला तरी नाही. आता हे का, ते सविस्तर सांगतो. कारण समजलं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

मी या पट्ट्यात वीसेक वर्षं पोरांना लाटांत उतरवतोय. आधी नुसतं पोहणं शिकवायचो, मग बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं ते, आणि बोर्ड त्यानंतर आले. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच महिन्याचा आणि तापमानाचा हिशेब करायचो. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या रापणकरानं ती खोड मोडली. म्हणाला, "आधी वारो बघ, मगे पाण्यात पाय घाल." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याचा शब्द होता तो.

त्याचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. मोबाइलवर मालवणचं तापमान बघितलंत तर जानेवारीत दुपारी ३१-३२ अंश आणि मेमध्ये ३३-३४. एवढाच फरक. पहाटे मात्र जानेवारीत १८-१९ पर्यंत खाली येतं आणि मेमध्ये २६ च्या खाली सहसा जात नाही. समुद्राचं पाणी थंडीत २७ अंशांच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये ३० च्या वर. म्हणजे वर्षभर कोमटच. बाहेरच्या देशात घालतात तसला जाड रबरी सूट इथे कधीच लागत नाही, उन्हापासून वाचायला पूर्ण बाह्यांचा घट्ट बनियन पुरतो. तेव्हा पारा बघून तुम्हाला काहीही कळणार नाही. बदलतो तो वारा, आणि वाऱ्यामागून पाणी.

पावसाळा सोडला तर इथल्या दिवसाला एक ठरलेली चाल आहे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र निवत नाही, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या पुस्तकात त्याला मतलई वारा म्हणतात. हा वारा येणाऱ्या लाटेला समोरून अडवतो, तिचं तोंड गुळगुळीत ठेवतो, ती उशिरा आणि नीट ओळीत फुटते. शिकणाऱ्याला हीच लाट हवी. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, थोडा वेळ अगदी स्तब्ध वाटतं, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोन-तीनपर्यंत पाणी पार विस्कटलेलं असतं. लाटा आखूड, एकीवर एक, कुठूनही फुटणाऱ्या. फेब्रुवारी ते मे या काळात हा दुपारचा वारा सगळ्यात जोरात असतो. नेमकी तेव्हाच पर्यटकांची गर्दी जेवून-बिवून पाण्यात उतरते. सकाळी सातला रिकामा, आरशासारखा किनारा आणि दुपारी चारला गढूळ, उसळत्या पाण्यात शेकडो माणसं, हे दृश्य मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी जीव वरखाली होतो.

आता पावसाळा. याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात धोका इथे आहे.

मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची घाई सुरू होते. सुकी मासळी भरून ठेवायची, छपरं शाकारायची, होड्या वर ओढून झापांनी झाकायच्या. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, ७-८ जूनला लागतो आणि साधारण त्याच सुमारास पाऊस दक्षिण कोकणात येतो. पण त्यावर आता पूर्वीसारखा भरवसा ठेवता येत नाही. २०२५ साली तर २५ मे रोजीच मान्सून देवगडपर्यंत पोचला होता आणि इथले कितीतरी लोक तयारीआधीच सापडले. किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर घाटात आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात.

पाऊस स्वतः काही धोक्याचा नाही. धोका वाऱ्याचा. नैर्ऋत्येकडून येणारा वारा हजारो किलोमीटर अडथळ्याशिवाय समुद्रावरून येतो, रात्री थांबत नाही, दिशा बदलत नाही. मतलई वारा या काळात जवळपास नाहीसाच होतो. उघड्या समुद्रात लाटा दोन-तीन मीटरच्या, वादळी दिवसांत चार मीटरच्या वर. त्या किनाऱ्याला येतात तेव्हा एक नीट लाट कुठे फुटत नाही, शे-दोनशे मीटर रुंदीचा नुसता पांढरा फेस असतो. त्यात बोर्डवर झोपून बाहेर जाणं कसलेल्या माणसालाही जमत नाही. शिवाय नद्या भरून वाहतात. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे ओढ इतकी असते की झाडांचे ओंडके सरळ बाहेर जाताना दिसतात. पाणी तांबडं, खाली काय आहे ते दिसत नाही.

म्हणून २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसुद्धा बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. ती माशांच्या विणीसाठी आहे, पण समुद्राचा हा रागही सगळ्यांना ठाऊक आहे. पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगणारी माणसं ज्या महिन्यांत होडी वर ओढून बसतात, त्या महिन्यांत बारा वर्षांच्या पोराला फोमच्या फळीवर उतरवायचं नाही, एवढं साधं आहे हे. तुम्हाला ज्यांनी खऱ्या लाटा पावसाळ्यात असतात म्हणून सांगितलं ते खोटं बोलले नाहीत. तिकडे कर्नाटकात मुल्की-मंगळुरूच्या बाजूला कसलेले सर्फर मान्सूनच्या तोंडावरच्या लाटांवर उतरतात. पण ते वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर वाढलेले आहेत आणि खाडीच्या मुखाशी वाळू कुठे साचली आहे ते त्यांना रोजचं माहीत असतं. तो रस्ता शिकण्याचा नाही.

पावसात यायचंच असेल तर खुशाल या, भात लावणी बघा, आंबोलीला जा, किनाऱ्यावर लांब उभं राहून समुद्र ऐका. मी त्या तीन महिन्यांत पोरांना विहिरीत आणि तळीत पोहायला शिकवतो. पाठीला दोन सुके, न सोललेले नारळ बांधून शिकायची आमची जुनी पद्धत आहे आणि तिच्याइतकी चांगली दुसरी मला अजून सापडलेली नाही. ज्याला पाण्यात पाठीवर पडून शांत श्वास घेता येतो, तो पुढे समुद्रात घाबरत नाही. तुमच्या मुलालाही पुण्यात या तीन महिन्यांत हेच करायला लावा. पाठीवर पडून दहा मिनिटं, हातपाय न मारता. वेग नको.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मासेमारीचा हंगाम मानानं सुरू होतो, पण बोर्डाचा होत नाही. ही चूक बरेच जण करतात. गणपतीच्या सुट्टीत पाऊस थोडा उघडलेला असतो, ऊन पडतं, लाट लांबून देखणी दिसते आणि लोक उतरतात. मला वर्षातला सगळ्यात फसवा काळ हाच वाटतो. त्याचं कारण वाळूत आहे. पावसाळ्यात मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळूची पट्टी, अरुंद आणि उभी होते. सप्टेंबरात तो बांध अजून तसाच असतो, आणि बांध व किनारा यांच्यात खोल चर असतो. लाटेनं आत आणलेलं पाणी त्या चरातून वाहत जातं आणि बांध जिथे तुटलेला असतो तिथून वेगानं परत समुद्रात घुसतं. वरून बघितलं तर तो तुकडा शांत दिसतो, कारण तिथे लाट फुटत नाही. अनोळखी माणूस तोच शांत भाग बघून तिथे उतरतो.

हे मुलाला इथे येण्याआधीच पाठ करवा. दोन फेसाळ भागांच्या मध्ये सपाट, काळसर पट्टा दिसला तर तिथे जायचं नाही. चुकून ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजायचं नाही. पाठीवर पडायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकत फेस फुटतोय तिथपर्यंत जायचं. तिथून लाटच आत आणते. बोर्ड असेल तर तो कधीही सोडायचा नाही. मी ज्यांना बाहेर काढलं त्यांतले बहुतेक पोहता येणारे होते. ते दमले होते, बस.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परत फिरतो. हस्ताचा पाऊस दुपारी गडगडाट करून पडतो, आणि वीज कडाडायला लागली की पाण्यातून ताबडतोब बाहेर, याला अपवाद नाही. उकाडा असा असतो की मेपेक्षा नकोसा. पण याच दिवसांत समुद्र हळूहळू वाळू परत आणून घालायला लागतो. चर भरतात, पुळण पुन्हा रुंद आणि उतरती होते, पहाटेचा मतलई वारा परततो. लाट मात्र अजून पूर्ण मेलेली नसते. कमरेपासून छातीपर्यंत, अधूनमधून थोडी मोठी, दोन लाटांमध्ये नऊ-दहा सेकंदांचं अंतर. पाणी २८-२९ अंश. मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबर अखेर हे सहा-सात आठवडे मी वर्षभर वाट बघत असतो. रात्री कधी लाट फुटताना निळसर चमकते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो उजेड, आणि तो बघून पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःहून उठतात.

या काळाला एक काटा आहे, तोही सांगतो. पावसाळा संपल्यावर अरबी समुद्रात वादळांचा दुसरा हंगाम असतो. २००९ मध्ये ११ नोव्हेंबरला फयान आलं, कोकणातल्या अनेक होड्या तेव्हा समुद्रात होत्या. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार रत्नागिरीसमोरून गेलं. ते किनाऱ्याला लागलंही नाही, तरी उधाणाचं पाणी आमच्या किनाऱ्यावरच्या वस्तीपर्यंत आलं होतं. मान्सूनच्या आधीचा हंगामही तसाच. १६ मे २०२१ ला तौक्ते सिंधुदुर्गासमोरून वर सरकलं तेव्हा आमच्या वाडीत माड आणि खांब सारखेच आडवे झाले होते आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. म्हणून तिकीट काढा, पण निघण्याआधी तीन दिवस हवामान खात्याचा अंदाज आणि समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा. इशारा असेल तर बेत पुढे ढकला. खोलीचे पैसे गेले तरी जाऊ द्या.

अंदाज बघताना सगळे लाटेची उंची वाचतात. तुम्ही दोन लाटांमधले सेकंद वाचा. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्यानं उठवलेली खळबळ. बारा ते अठरा सेकंद म्हणजे ती लाट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून निघून कित्येक दिवस प्रवास करून आलेली आहे. तिची उंची कागदावर मीटरभरसुद्धा नसेल, पण किनाऱ्याला लागल्यावर ती एकदम उभी राहते आणि खूप पाणी घेऊन येते. एप्रिल-मेमध्ये अशा लाटा वारा नसताना, निरभ्र दिवशी येतात. केरळातले कोळी त्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे तिचा जोर त्यांच्याइतका नसतो, पण येते ती इथेही.

डिसेंबर-जानेवारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हवा सुंदर, पहाटे शाल लागते, पाणी स्वच्छ, म्हणून स्कूबावाल्यांचा हा हंगाम. लाट गुडघाभर. अधूनमधून अरबस्तानाकडच्या वायव्य वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा दोन-चार दिवस येऊन जातात, सहा ते आठ सेकंदांच्या, तेवढ्यात थोडं खेळता येतं. नाताळची गर्दी आणि खोल्यांचे दर बघता फक्त सर्फिंगसाठी या दिवसांत येऊ नका.

फेब्रुवारी-मार्च अगदी नवशिक्याला चांगला, कारण लाट लहान आणि भीती कमी. एक गोष्ट लक्षात ठेवा. कधी कधी या महिन्यांत पूर्वेकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत रेटत राहतो, खारा वारा उशिरा येतो, आणि तापमान ३७-३८ च्या वर जातं. मेपेक्षा जास्त. त्या दिवशी वाळूवर अनवाणी चालवत नाही आणि बोर्ड उन्हात ठेवला तर पाय घसरू नये म्हणून त्यावर लावलेलं मेण वितळून ओघळतं, फोम फुगतो. बोर्ड सावलीत, उलटा, ओलं कापड टाकून ठेवायचा. पोराला निघण्याआधी पेज पाजा, मीठ घालून.

राहिली भरती-ओहोटी, आणि इथे दिनदर्शिका मोबाइलपेक्षा कामाची. जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊण तासानं गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, पंचमीला पावणेचार. हा हिशेब मुंबईकडचा. आमच्याकडे भरती त्याच्या साधारण तासभर आधी लागते. तिच्या मागे-पुढे सहा तासांवर ओहोटी. रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत-उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन दिवस उधाण, तेव्हा खाडीच्या मुखाच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. देवबागच्या संगमावर ओहोटी लागली की ओढ सुरू होते आणि तिथे बोर्ड घेऊन जाऊ देणारा शिक्षक मिळाला तर त्याच्याकडे शिकू नका. शिकायला संगमापासून लांब, तारकर्लीची सरळ, उतरती पुळण धरायची. ओहोटी संपून पाणी चढायला लागतं ते पहिले दोन-अडीच तास सगळ्यात चांगले: खाली सपाट वाळू, कमरेएवढं पाणी, आणि लाट किनाऱ्याकडे ढकलणारी.

आता माझं दिवाळीबद्दलचं म्हणणं जुळवून बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. तृतीयेला आमच्याकडे भरती दुपारी सव्वाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सातला. साडेसात ते साडेनऊ पाणी चढतं असतं, मतलई वारा अजून वाहत असतो, लाट कमरेएवढी असते आणि शाळेला सुट्टी असते. चतुर्थीला हेच सगळं पाऊण तास उशिरा. पंचमीला पावणेनऊनंतर, तोवर वारा पडायला लागलेला असतो, त्यामुळे त्या दिवशी तासभरच. तीन सकाळी मिळाल्या तर पोहता येणारा बारा वर्षांचा मुलगा फेसाळ लाटेवर उभा राहतो. माझ्याकडची बहुतेक पोरं दुसऱ्या सकाळी राहिली आहेत.

भाऊबीजेच्या रात्री पोचा, उशीर झाला तर घाटात घाई करू नका, पहिला तास चुकला तरी चालेल. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर ती पूर्ण वर येईपर्यंत थांबायचं, दोराला ओलांडायचं नाही. मुलाला म्हणावं, तेवढ्यात त्यांना दोर ओढायला मदत कर. पाणी कुठल्या बाजूला ओढतंय ते त्याच्या हाताला तिथेच कळेल, आणि मग मी त्याला बोर्ड देईन.